‘निर्णय प्रलंबित’: एका कुत्रीच्या मूल्यमापनाचा माझा अनुभव

दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखवण्याच्या कामासाठी मी तयार करत असलेली पावणेदोन वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री खुब्याचे व कोपराचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि रहदारीची चाचणी यांतून विनासायास पार पडली. समोरून गाडी येत असताना मी ‘पुढे’ म्हटले तरी ती जागची हलली नाही; आज्ञा कधी मोडायची याची ही समज तिच्यात होती, याचा मला आजही अभिमान आहे.

घोडे अडले ते ‘अंगाची संवेदनशीलता’ या एका रकान्यात. हार्नेसचे, म्हणजे चालणाऱ्याला धरायला मूठ असलेल्या, कुत्रीच्या अंगावर बांधायच्या पट्ट्याचे, बक्कल छातीखाली खटकन लागले की ती ओठ चाटायची, कान मागे घ्यायची आणि पुढचा एक पाय उचलून तशीच उभी राहायची. वीसेक पावले चालल्यावर मात्र तिची चाल मोकळी व्हायची. परीक्षकांनी शेरा लिहिला, ‘निर्णय प्रलंबित, सहा आठवड्यांनी फेरतपासणी’. ती बक्कलच्या आवाजाने बिचकते, पट्ट्याच्या दाबाने की मुठीच्या ओढीने, याचा त्यात उल्लेखच नव्हता. मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘शेऱ्यात सगळे आहे’ एवढेच ऐकले. सहाचे नऊ आठवडे झाले. निर्णय होईपर्यंत बाहेरचा सराव बंद असल्यामुळे ती बहुतेक वेळ श्वानगृहातच राहिली, जाळीलगत फेऱ्या मारू लागली, साध्या आवाजालाही दचकू लागली, आणि फेरतपासणीत नेमके हेच तिच्या नावावर मांडले गेले.

असा शेरा मिळाल्यास काय तपासणार आणि किती सुधारणा पुरेशी मानणार, हे त्याच दिवशी लेखी मागावे. मूठ काढून नुसता पट्टा बांधून पाहावे. मी हे आठव्या आठवड्यात केले, तेव्हा ती सहज चालली, म्हणजे अडचण मुठीची होती.

अखेर तिला कामातून वगळले. वर्षानुवर्षे रोज अंगावर वागवायच्या साधनाचा तिला त्रास होत असेल, तर हा निकाल योग्यच आहे आणि पिल्लूपणी तिला सांभाळणाऱ्या कुटुंबात ती आता मजेत आहे. मूल्यमापनाची प्रत मला त्यानंतर पंधरा दिवसांनी मिळाली. त्या रकान्यात अजूनही ‘प्रलंबित’ असेच लिहिलेले आहे.