आता किती फूट?

जुलै-ऑगस्टात आमच्या घरचा फोन ‘हॅलो’नं सुरू होत नाही. “आता किती?” एवढंच विचारायचं. पलीकडून आत्या सांगते, “एक्केचाळीस-सात.” तब्येत, गुडघे, दूधवाला, हे सगळं नंतर.

मी पुण्यात असतो. आत्या कोल्हापुरात, पंचगंगेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. आकडा राजाराम बंधाऱ्यावरच्या नदीच्या पातळीचा, फूट-इंचांत. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सरकारी तक्ता इथं संपतो आणि आत्याचा सुरू होतो. ४२ ला तांदळाचा डबा वरच्या फळीवर. ४४ ला गाद्या माळ्यावर. ४५ ला देव. देव शेवटी का, असं मी एकदा विचारलं. “हलके आहेत की. आयत्या वेळी ओच्यात घालून निघता येतंय.”

लहानपणी मला एका गोष्टीचं कोडं पडायचं. गावात लख्ख ऊन, दोरीवर कपडे वाळतायत आणि नदी मात्र तासाला दोन इंच चढतेय. पाऊस तर थांबला! पण तो आमच्यापुरता थांबलेला असायचा. आदल्या दिवशी गगनबावड्यात, राधानगरीत जे कोसळलं ते कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती वाटेनं घेऊन येत असायच्या. चिखलीच्या प्रयागावर सगळ्या भेटणार, मग आमच्या घाटावर. म्हणून आत्या आभाळ बघते ते पश्चिमेचं. डोक्यावरच्या आभाळाचा तिला उपयोग फक्त कपड्यांपुरता.

शाळेच्या पुस्तकातलं जलचक्र फार शिस्तीचं होतं. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी, पुन्हा तोच समुद्र. आमच्या पाण्याचा व्यवहार तसा सरळ नाही. वाफ अरबी समुद्राची, पण सह्याद्रीच्या अलीकडं पडलेलं पाणी त्याच्याकडं पाठ करून कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जातं. उसनं एकाकडून घ्यायचं आणि फेडायचं दुसऱ्याला.

फुटांच्या जोडीला हल्ली क्युसेक आलेत. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की आपले आपण उघडतात, विजेवाचून. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक. हा आकडा कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. गणित केलं तर एका दरवाज्यातून दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, “आणि उन्हाळ्यात एक टँकर मागवायला चार फोन लागतात.”

पण तेवढ्याच क्युसेकला दरवेळी तेवढेच फूट होत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. येणारं पाणी ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी नरसोबाच्या वाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की ती आमच्या नदीला आत घेत नाही. मग पाणी फुगतं, ऐंशी किलोमीटरच्या सपाट, वळणावळणाच्या वाटेत उसात पसरतं आणि मागं मागं सरकतं. मोरीची जाळी तुंबल्यावर बादलीभर पाणीसुद्धा न्हाणीघरभर होतं, तसं. तिकडं वाडीला पाणी देवाच्या पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं आणि लोक दक्षिणद्वाराचं स्नान करायला धावतात. त्याच तारखेला आमच्या गाद्या माळ्यावर असतात.

२०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आत्याच्या तक्त्यात पन्नासच्या पुढं काही लिहिलेलंच नव्हतं. २०२१ ला त्याहून वर. त्या दिवसांत जो तो कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाला बोल लावत होता. आत्या मात्र खिडकीतून बोट दाखवायची ते नदीकाठच्या मळीच्या जमिनीकडं. पूर यायचा तेव्हा पाणी आधी तिथं जाऊन बसायचं. आता तिथं मुरूम टाकून केलेलं पार्किंग आहे. मला दोन्ही पटतं, पण पार्किंग जास्त पटतं. ते घरातून दिसतं.

काल रात्री फोन केला. “बेचाळीस-चार. उतार लागलाय.” मग डबा फळीवरून सरकवल्याचा आवाज. मी निवांत होऊन गुडघ्यांचं विचारायला लागलो. थोडा वेळ पलीकडं काहीच नाही. मग पुन्हा तोच डबा सरकवल्याचा आवाज.

“राहू दे वरच. गगनबावड्याकडं वीज चमकतीय.”