पपनसावरची अळी

परसातल्या पपनसाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली. काडीने उडवायला गेलो, तर तिने मानेमागून दोन लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडला. अळी होती! आई फवाऱ्याची बाटली घेऊन आलीच.

"थांब गं, राज्य फुलपाखराची असेल कदाचित."

आईने माझ्याकडे पाहिलं ते तापबिप आहे का, अशा नजरेने.

पण खरंच, 2015 साली महाराष्ट्राने 'ब्लू मॉर्मन'ला, म्हणजे आपल्या निलवंताला, हा मान दिला. राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं हे पहिलंच राज्य. काळे मखमली पंख, त्यावर निळ्याचा सडा. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. ग्रीक कथांतला हा पॉलिम्नेस्टर राजा पक्का दगाबाज होता. पाखराने त्याचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे.

राज्यप्राणी शेकरू. वर्गीकरणात दोघं 'प्राणी' या एकाच पाटीखाली येतात, पण पुढच्याच पायरीला फारकत. निलवंत जातो संधिपाद कीटकांत, खवलेपंखी गणात. शेकरू कणा असलेल्यांत, मग सस्तनांत आणि शेवटी उंदीर-घुशींबरोबर कुरतडणाऱ्यांच्या गणात. (भीमाशंकरला गेलात तर त्याला हे सांगू नका.) तिथे मी ते पाहिलंय. तपकिरी-तांबूस अंग, अंगाहून लांब झुपकेदार शेपूट, या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फुटांची झेप. जमिनीवर उतरणं त्याला फारसं मानवत नाही, म्हणून फांद्यांना फांद्या भिडलेलं रान हवं. कोणत्या जिवाला किती धोका आहे हे नोंदवणाऱ्या जागतिक लाल यादीत ते 'कमी चिंतेचं' आहे, तरी संख्या घटतेय अशी नोंद तिथेच आहे. मधली चार झाडं पडली की त्याचा रस्ताच तुटतो. भीमाशंकरचं सुमारे 130 चौ. किमी. अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी.

निलवंताला एवढं लागत नाही. लिंबू, पपनस, रानातलं माकडलिंबू, कुठलंही चालतं. म्हणजे त्याचं अभयारण्य आईच्या ताब्यात, आणि वनरक्षकाच्या हातात फवारा.

अळी हिरवी झाली, गुबगुबीत झाली, मग कोषात गेली. लिंबाचं साधं फुलपाखरूही याच झाडांवर अंडी घालतं, त्याची अळीही आधी शीटेसारखीच दिसते. त्यामुळे मी रोज सकाळी चहा घेऊन पहाऱ्याला. एक दिवस उशिरा उठलो, तर कोष रिकामा.

"कसलं होतं गं? निळं होतं का?"

"मी काय बघत बसले होते? सात पानं खाल्लीन मेलीने."

फवारा मात्र न्हाणीघराच्या कोनाड्यात होता, भरलेलाच.