आमची वाटचाल : चांदणी आणि चमकी पट्टी

जानेवारी 2017 मध्ये नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांना लागून असलेली दोन एकर जागा भाड्यानं घेऊन आम्ही नवरा-बायकोनं घोडेस्वारी शिकवायला सुरुवात केली. घोडे दोनच. त्यातली चांदणी ही मारवाडी घोडी महिनाभर आधी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात आम्ही तीन दिवस फिरलो आणि तिच्या आत वळलेल्या कानांवरच भाळलो.

पहिली दोन वर्षं आम्ही चुकीचं शिकवत होतो. माणूस आला की हेल्मेट घाल, चढ, मैदानाला फेऱ्या मार. भ्याला तर “घाबरू नका, काही होत नाही.” आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा रडतच उतरला, तो परत आला नाही. त्याला चढवायची घाई मीच केली होती. ते अजून मनाला लागतं.

फेब्रुवारी 2019 मध्ये मी स्वतः पडले. पाखरं द्राक्षांवर येऊ नयेत म्हणून शेजारच्या बागेत चमकी पट्ट्या बांधल्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली, पट्टी फडफडली आणि चांदणी एका उडीत बाजूला झाली. माझं खांद्याजवळचं हाड मोडलं. तीन महिन्यांनी परत आले तेव्हा रिकिबीत पाय घालवेना. हाताला घाम, छातीत धडधड. शिकवणारीच मी, कुणाला सांगणार?

आमच्या पागेवर घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दार मामांनी ते ओळखलं. “ताई, आज चढायचं नाही. खरारा घ्या.” खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश. दुसऱ्या दिवशीही तेच. पंधरा-वीस दिवस मी नुसती चांदणीच्या अंगावरून हात फिरवत होते, चंदी, म्हणजे दाणा, देत होते, तिचे खूर साफ करत होते. मग हळूहळू दिसायला लागलं, की ती माझ्यापेक्षा भित्री आहे. घोडा ही शिकार होणाऱ्या जनावराची जात. डोळे दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं. कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. काही हाललं की आधी पळायचं, मग बघायचं. त्या दिवशी तिनं मला पाडलं नव्हतं, ती जीव वाचवत होती.

आणि माझी भीतीही तिला कळत होती. भ्यालेला माणूस श्वास रोखतो, पुढे झुकतो, टाचा वर ओढतो, पायांनी घोड्याला आवळतो. पायाचा दाब म्हणजे घोड्याला ‘चल’ अशी खूण. त्याच वेळी हात लगाम खेचतात, म्हणजे ‘थांब’. दोन्ही एकदम सांगितल्यावर तो मान उडवणारच, आणि वरच्याला वाटतं घोडा बिथरला.

तेव्हापासून आमच्याकडे पहिले चार दिवस कुणी खोगिरावर बसत नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत जवळ जायचं, खरारा करायचा, दोरी धरून सोबत चालायचं. चढल्यावर दोरी आमच्या हातात आणि शिकणाऱ्याला एकच काम : मोठ्यानं आकडे मोजायचे, म्हणजे श्वास अडकत नाही. दोन्ही पाय रिकिबीतून काढून झटकन खाली उतरणं आम्ही दुडकी चाल, म्हणजे हळू पळवणं, शिकवण्याआधी घोटून घेतो. उतरता येतं हे पक्कं झालं की निम्मी धास्ती तिथंच जाते. “एवढ्यासाठी फी भरली का?” असं विचारून काही पालक निघून गेले. जाऊ दिले.

2020 च्या टाळेबंदीत शिकवणी बंद, घोड्यांचं खाणं मात्र चालूच. दागिने मोडून ते दिवस काढले. आज पागेत पाच घोडे आहेत.

गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आल्या. लहानपणी टांग्यातून पडल्यापासून घोडा दिसला तरी त्या रस्ता ओलांडायच्या. त्या सहा आठवडे जमिनीवरच होत्या. एके सकाळी चांदणीला घेऊन त्या मैदानाच्या कडेला आल्या. तिथं कुंपणाला आम्ही मुद्दाम चमकी पट्टी बांधली आहे, घोड्यांना सवय व्हावी म्हणून. पट्टी फडफडली, चांदणीचे कान ताठ झाले. काकूंनी दोरी खेचली नाही. मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, “अगं, मलाही भीती वाटते.” चांदणीनं मान खाली घेतली, जीभ फिरवली आणि पट्टीजवळून दोघी पुढे गेल्या.

उन्हानं ती पट्टी विरते. दर जानेवारीत मामा नवी बांधतात.