कराड ते खारघर : स्टेम सेल प्रत्यारोपणाला निघण्याआधी

कराड-साताऱ्याकडून येणाऱ्यांनी मुंबईत शिरायचं कारण नाही. टाटाचं प्रत्यारोपण परळला होत नाही, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात होतं. द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपला की खारघर जवळच.

बाबांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. त्यांच्याच पेशी काढून, जबर केमोनंतर त्यांनाच परत द्यायच्या होत्या. दुसऱ्याच्या पेशी घेणाऱ्यांचा मुक्काम काही महिन्यांचा आणि पथ्यं कडक असतात, त्यांनी तेवढा हिशोब धरून निघावं.

निघण्याआधी दात दाखवून घ्या. केमोनंतर किडका दात म्हणजे जंतुसंसर्गाला उघडं दार. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्डाच्या प्रती घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना भरतीच्या आधीच भेटा. मदतीच्या अर्जांना वेळ लागतो.

खोली बघताना भाड्याआधी भिंती बघा. ओल नको, शेजारी बांधकाम नको, खिडकीत कबुतरं नकोत. बुरशीचे कण तिथूनच येतात, आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाला तेच महागात पडतं. स्वयंपाकघर आणि संडास स्वतःचा हवा.

सगळ्यात जास्त धावपळ प्लेटलेट्सच्या दात्यांची. काढलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे आधी साठवून ठेवता येत नाहीत. दाता त्या आठवड्यात हाताशी लागतो. आमच्या भागातले कितीतरी जण वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. गावच्या मंडळाने त्यांची यादी करून दिली, रक्तगट लिहून. कुणी ॲस्पिरिन घेतलेली नाही ना, एवढं आधी विचारून ठेवा. ही यादी खिशात असली की रात्री फोन आला तरी हातपाय गळत नाहीत.

पेशी वाढवायच्या इंजेक्शनांनी कंबर ठणकते, घाबरू नका. पेशी काढायच्या मशीनवर असताना ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सिस्टरला सांगा. कॅल्शियम कमी झालेलं असतं, ते देतात. मेल्फालान, म्हणजे ती जबर केमो, चालू असताना बाबांना बर्फ चघळायला दिला होता. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, फोड कमी येतात. त्यांना थंड सोसत नाही, तरी मी आग्रह सोडला नाही. पेशी परत देणं मात्र रक्त चढवण्यासारखंच, थोड्या वेळात आटोपलं.

अवघड दिवस त्यानंतरचे. जुलाब, तोंड आलेलं, घोटभर पाणी नको. साधारण दुसऱ्या आठवड्यात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, वर यायला लागतात, तोवर सोबतच्या माणसाने टिकायचं असतं. म्हणून बदलीला दुसरं माणूस ठरवूनच या. आमचे काका होते म्हणून मला झोप मिळाली. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने आत जायचं नाही, मग तो सख्खा मुलगा का असेना.

खोलीवर आल्यावर ताजं, गरम, पूर्ण शिजलेलं अन्न. कोशिंबीर नाही. ताकाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता, घरची पॅरासिटामॉल न देता दवाखाना गाठायचा. रात्रीचा नंबर घरी सोडतानाच लिहून घ्या.

गावी परतल्यावर गोठा, शेणखत आणि पाचटाचा धूर काही महिने वर्ज्य. लहानपणच्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात, त्यांचं वेळापत्रक मागून घ्या.