दुसऱ्या गिअरची तक्रार

ड्यून बग्गी म्हणजे रेतीच्या टेकड्यांवर पळवण्यासाठी बांधलेली, दारे आणि छत नसलेली, हलक्या फायबर बॉडीची गाडी. अशी एक गाडी वरुड तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून आहे, हे मी बरीच वर्षे ऐकून होतो. परंतु आमच्याकडे ट्रॅक्टर, फवारणीचे ब्लोअर आणि संत्र्याच्या पेट्या वाहणारे पिकअप यांचेच काम इतके असते की ती पाहायला जाण्याचा योग आला नाही. शेवटी मालकानेच ती ट्रॉलीवर चढवून माझ्या गॅरेजमध्ये आणली. गाडी त्यांच्या वडिलांनी बांधलेली होती. १९७०च्या दशकात ते मुंबईत नोकरीला असताना अपघातात चेपलेली एक फोक्सवॅगन बीटल त्यांनी भंगाराच्या भावात घेतली, तिचा पत्रा काढून टाकला, चासी कापून आखूड केली आणि बोटी बांधणाऱ्या एका कारखान्यातून फायबरची बॉडी ओतून घेतली. नोकरी सोडून गावी परतताना ते ती गाडी ट्रकवर घालून सोबत घेऊन आले.

बोटी बांधणाऱ्यांकडून बॉडी करून घेणे ही या गाड्यांची मूळ परंपराच आहे. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे ब्रूस मायर्स नावाच्या, बोटी बांधण्याचा अनुभव असलेल्या माणसाने १९६४ मध्ये ‘मायर्स मँक्स’ ही बग्गी तयार केली. पहिल्या थोड्या गाड्यांनंतर त्याने बीटलची चासी सव्वाचौदा इंचांनी आखूड करून त्यावर फायबरची बॉडी बसवण्याची पद्धत घातली आणि बॉडीचा संच विकण्यास सुरुवात केली. १९६७ च्या मेक्सिकन १००० या वाळवंटी शर्यतीत मँक्स पहिली आली, तेव्हा या गाडीचे नाव सर्वत्र झाले. मायर्सने पेटंटसाठी खटला केला, परंतु तो हरला आणि नकला करणाऱ्यांना मोकळे रान मिळाले. आमच्या वरुड-मोर्शी भागाला संत्र्यांमुळे विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणतात. त्या कॅलिफोर्नियात जन्मलेली गाडी या कॅलिफोर्नियात संत्र्याच्या झाडांमधून फिरली, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

मालकाची अपेक्षा होती की गाडी वडिलांच्या वेळी होती तशीच व्हावी. त्यांच्या मुलाला, जो नागपुरात शिकतो, रुंद टायर, एलईडी दिवे, नवे स्टिअरिंग आणि नवा रंग हवा होता. दोघांचे ऐकून मी एक अट घातली, ती अशी की नवे जे काही बसेल ते नट-बोल्टवर बसेल आणि काढले तर खाली जुनी गाडी जशीच्या तशी सापडेल. अशा गाडीला कारखान्यातील मूळ रूप असे काही नसते. ती मुळातच एका माणसाने दुसऱ्या गाडीत केलेला बदल असते, म्हणून जपायचे असते ते त्या माणसाचे हातकाम.

आधी फायबरचे काम घेतले. बॉडीवर ब्रशने मारलेल्या ऑइल पेंटचे थर होते. ते हळूहळू घासून काढल्यावर खाली गडद लाल जेलकोट, म्हणजे फायबरचा सर्वांत बाहेरचा रंगीत थर, निघाला, म्हणजेच रंग बॉडी ओततानाच तिच्यात घातलेला होता. हेडलाइटभोवती आणि बॉडी चासीला जिथे बोल्टने आवळली जाते त्या भोकांभोवती तडे होते. फायबरच्या तड्यात नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर तो तडा थोड्याच दिवसांत पुन्हा उघडतो, कारण तुटलेले असतात ते आतले काचतंतू. त्यासाठी मागच्या बाजूने तड्याच्या कडा लांब उतार देऊन घासाव्या लागतात, ॲसिटोनने तेलाचा अंश पुसावा लागतो आणि मग रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट एकावर एक, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा मोठा, अशी बसवावी लागते. आमच्याकडे फायबरच्या कूलर बॉड्या करणारे कारागीर असतात. त्यांतील एकाला मी बोलावून घेतले आणि त्याने पहिल्याच दिवशी काम पहाटे करण्याचे ठरवले. एप्रिल संपत आला होता. आपल्याकडच्या दुपारी रेझिन घट्ट करणारा हार्डनर नेहमीच्या प्रमाणात टाकला, तर मॅट भिजण्याच्या आधीच रेझिन डब्यात गोठून तापू लागते. त्यामुळे हार्डनर निम्म्यावर आणून तो उजाडता उजाडता थर लावी आणि ऊन चढले की हात थांबवी. हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात ते कोबाल्ट थेट एकत्र आले तर पेट घेऊ शकतात, म्हणून त्याने दोन्ही डबे शेडच्या दोन टोकांना ठेवले होते. अशी शिस्त मोठ्या शहरातल्या कारखान्यांतही मला क्वचितच दिसली आहे.

बॉडी कारागिराच्या हाती असताना मी इंजिनाकडे वळलो. ते ११९२ सीसीचे, हवेने थंड होणारे, समोरासमोर दोन-दोन सिलिंडरांचे इंजिन होते. सिलिंडरांत पातळ तेल ओतून ठेवल्यावर ते मोकळे झाले आणि सुदैवाने पिस्टनच्या रिंगा धरलेल्या निघाल्या नाहीत. खरी अडचण पत्र्याची होती. बीटलमध्ये इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या वरची थंड हवा व खालची तापलेली हवा वेगळी ठेवतात; बग्गीत इंजिन उघडेच असल्याने हे पत्रे निरुपयोगी आहेत असे समजून पुष्कळ लोक ते काढून टाकतात. तसे केले की पंखा सिलिंडरांवरून आलेली गरम हवाच पुन्हा ओढून घेतो. त्यातही जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असल्याने त्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळते. फोक्सवॅगनने ती रचना १९७१ च्या मॉडेलपासून बदलली. या गाडीचे एका बाजूचे पत्रे नव्हते. ते मी दुसऱ्या बाजूवरून मापे घेऊन गावातल्या पत्राकाम करणाऱ्याकडून घडवून घेतले आणि ऑइलचे तापमान दाखवणारा काटा बसवला, कारण पंचेचाळीस अंशांच्या हवेत अंदाजावर इंजिन चालवणे मला मान्य नाही.

इंजिन चालू झाल्यावर नुसत्या चासीवर एक खुर्ची आवळून मी गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी फिरवली. पहिला गिअर ठीक होता, तिसरा ठीक होता. दुसरा मात्र टाकल्यावर थोडा जोर दिला की निसटून न्यूट्रलमध्ये येई. बीटलमध्ये असे झाले की प्रथम लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या गिअर रॉडचा बुश आणि मागच्या कपलिंगचे रबर पाहतात. दोन्ही झिजलेलेच होते. दोन्ही नवे घातले, तरीही दुसरा टिकेना. गिअरबॉक्सचे ऑइल काढून चुंबक असलेला ड्रेन प्लग पाहिला, तर त्यावर बारीक पूड होती, दातांचे तुकडे नव्हते. त्यामुळे गिअरबॉक्स उघडण्याची मला घाई वाटली नाही.

त्या दिवशी दुपारी मालक त्यांच्या आईंना घेऊन आले होते. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे. दुसरा गिअर निसटतो असे मी मालकांना सांगत होतो, तेव्हा त्या खाटेवरूनच म्हणाल्या, “थो तर पयल्यापासूनच निसटे. थे डाव्या हातानं धरूनच ठेवत. मी बाजूले बसली का म्हनत, बोलू नको, हात गुंतला हाये.”

मालकांनाही ते आठवले. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून नदीकाठी जाताना वडिलांचा डावा हात लिव्हरवरून कधी हलत नसे, आणि गाडी चालवण्याची हीच रीत असते अशी त्यांची समजूत होती. चौथ्या गिअरविषयी कोणाचीच तक्रार नव्हती, परंतु बागेत आणि रेतीत चौथा टाकण्याची वेळच येत नाही. मी विचारले, “काकू, अगदी नवी होती तेव्हापासून?” त्या म्हणाल्या, “आनली त्या दिवसापासून.”

या एका वाक्याने माझ्या मनातली झिजेची शंका मिटली. नव्यापासून असलेला दोष झिजेचा नसतो, बांधणीचा असतो. मी लिव्हरच्या बुडाकडे पाहिले. बुडाच्या पट्टीला लांबट भोके असतात, त्यांत ती थोडी पुढे-मागे सरकवून गिअर जुळवता येतात. इथे ती पुढे, अगदी शेवटच्या टोकापर्यंत सरकवलेली होती. म्हणजे गाडी बांधणाऱ्याने जुळवणीची सगळी सोय वापरून टाकली होती आणि तरीही त्याला अजून थोडी जागा हवी होती.

बीटलचा गिअर रॉड चासीच्या मधल्या बोगद्यातून मागे गिअरबॉक्सपर्यंत जातो. चासी जितकी कापली, तितकाच तो कापावा लागतो. रॉड लांब राहिला तर न्यूट्रलमध्येच लिव्हर मागे झुकते. दुसरा आणि चौथा हे दोन्ही लिव्हर मागे ओढून पडणारे गिअर असल्याने तिला ओढायला जागा उरत नाही आणि गिअर अर्धाच बसतो. बोगद्याच्या पुढच्या टोकाने मी रॉड बाहेर काढला. बुशसाठी मागवलेल्या सामानाबरोबर मुंबईच्या विक्रेत्याकडून एक न कापलेला रॉडही मी घेऊन ठेवला होता. बीटलचे उत्पादन मेक्सिकोत २००३ पर्यंत चालू असल्याने तिचे सुटे भाग आजही मिळतात. दोन्ही रॉड बाकावर शेजारी ठेवले. जुना ३४७ मिलिमीटरने आखूड निघाला. मग चाकांमधील अंतर मोजले, तर ते २,०३८ मिलिमीटर भरले. बीटलचे मूळ अंतर २,४०० मिलिमीटर असते, म्हणजे चासी ३६२ मिलिमीटरने, बरोबर सव्वाचौदा इंचांनी, कापलेली होती. रॉड पंधरा मिलिमीटर लांब राहिला होता.

चासीचा जोड पाहिल्यावर माझे आश्चर्य वाढले. सरळ रेषेत न कापता नागमोडी कापून, आतून पट्टी देऊन, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलेला तो जोड आजही दोष काढण्यासारखा नव्हता. ज्याने इतके नेटके काम करवून घेतले, त्याने अर्ध्या इंचाहून थोड्या अधिक फरकामुळे आयुष्यभर डावा हात गिअरवर ठेवला.

आता प्रश्न हा होता की हे दुरुस्त करावे की नाही. मालक काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, बाबांची गाडी अशीच होती. ती हाताने धरूनच चालवायची होती.” त्यांचे म्हणणे मला पूर्ण कळत होते, आणि तरीही मी त्यांच्याशी सहमत नव्हतो. आखूड चासी, नागमोडी जोड, लाल जेलकोट ही त्यांच्या वडिलांनी ठरवून केलेली कामे होती आणि त्यांना मी हात लावणार नव्हतो. निसटणारा गिअर त्यांनी ठरवलेला नव्हता. सरकवलेली पट्टीच सांगत होती की त्यांनी तो बसवण्याचा शक्य तितका प्रयत्न केला होता. शिवाय अर्धवट बसणारा गिअर रोज आपले दात थोडे थोडे खात असतो. मी मालकांना ती पट्टी दाखवली आणि भोकाच्या टोकाशी बोल्टने घासून पडलेल्या खुणा दाखवल्या. काकू मध्येच म्हणाल्या, “दर दिवाळीत थे खाली लोळून त्याचंच करत राहत.” त्यानंतर मालकांनी होकार दिला.

नवा रॉड मी खरादवर ३६२ मिलिमीटरने कमी केला, आत नळी देऊन जोडला आणि जुना आणखी न कापता मालकांच्या स्वाधीन केला. लिव्हरची पट्टी मधोमध बसली. त्याच संध्याकाळी पुन्हा चासीवर खुर्ची आवळून गाडी फिरवली, तेव्हा दुसऱ्यात पूर्ण जोर देऊन आणि अचानक ॲक्सिलरेटर सोडूनही गिअर हलला नाही. चौथाही खोलवर बसत होता.

पुढचे काम सरळ होते. मुलाच्या मागण्यांपैकी रुंद मागचे टायर आणि दिवे बसवले, पण नव्या स्टिअरिंगला मी नकार दिला. त्याने न मागितलेला रोल बार, म्हणजे डोक्यामागची लोखंडी कमान, आणि सीट बेल्ट मी आग्रहाने घातले. त्यांचे बोल्ट चासीच्या लोखंडात आहेत, कारण गाडी उलटली तर फायबरमध्ये आवळलेला बार फायबरसकट उपटून येतो. लाल जेलकोट घासून चमकवला, त्यावर रंग चढवला नाही.

गाडी रस्त्यावर काढता येणार नाही, हे मी मालकांना सुरुवातीलाच स्पष्ट केले होते. कागदपत्रे मूळ बीटलची आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा बदल मान्य करत नाही, आणि २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी मिळण्यास गाडी पन्नास वर्षांहून जुनी असण्याबरोबरच तिच्या चासीत व बॉडीत बदल झालेला नसावा लागतो. त्यामुळे ती त्यांच्याच शेतात, नदीकाठच्या रेताड पट्ट्यात चालते. तिथे नेल्यावर मागच्या टायरांतील हवा पुष्कळ कमी केली आणि मालक दुसऱ्या गिअरमध्ये रेतीची चढण चढून गेले. ऑइलचा काटा सुरक्षित मर्यादेत राहिला. परत आल्यावर क्लच थोडा उशिरा सुटतो असे ते म्हणाले. केबल नवी असल्याने ती थोडी ताणली गेली होती, ती तिथेच आवळून दिली आणि संत्र्याचा आंबिया बहार तोडून झाल्यावर गाडी पुन्हा तपासणीसाठी आणण्यास सांगितले.