चोचीचा वैद्य आणि चारची गोळी

माझ्या पगाराचे दोन तुकडे आहेत. साठ टक्के पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, प्रकल्पातून, चाळीस टक्के मध्ययुगाच्या. पहिल्यात आजाऱ्यांच्या घरी जाऊन विचारायचं, वेदनाशामक औषधं मिळतात का, कोण आणतं, किती हेलपाटे पडतात. दुसऱ्यात मालिका, सिनेमे, गेम बघून युरोपचं मध्ययुग त्यांत कसं दाखवतात ते नोंदवायचं. (चिखलाचं दाखवतात. सदैव चिखल, आणि सगळ्यांचे दात किडलेले.) दोन्हींचा संबंध काय, असं घरचेही विचारतात.

त्या दुपारी मुलाखत होती हाडांत कॅन्सर पसरलेल्या एका काकांची. टीव्ही चालूच होता. पडद्यावर प्लेगची साथ आणि चोचीचा मुखवटा घातलेला वैद्य. मी रेकॉर्डर सुरू केला. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी हवी. ती ठेवणारं दुकान एकच, तिथेही कधी साठा संपलेला, कधी चिठ्ठीत काही राहिलेलं. मुलगी महिन्यात तीनदा हात हलवत परत आली होती. सांगत होत्या काकू. काका म्हणाले, "लिहू नका हो एवढं. त्या काळी तर काहीच नव्हतं. बघा, कावळा येतोय तपासायला."

माझ्या दुसऱ्या प्रकल्पाच्या तक्त्यात याच वाक्यासाठी एक रकाना आहे: 'तेव्हा हाल, आता सुख'. मालिकेतल्या चिखलापुढे मुलीचे तीन हेलपाटे त्यांना किरकोळ वाटत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर लागते आणि मिळते जेमतेम 14 टक्क्यांना. हे मी अहवालात कितीदा टाइप केलंय! समोर बसून ऐकताना मात्र तोंडून निघालं भलतंच.

"काका, ती चोच सतराव्या शतकातली. प्लेगची ती मोठी साथ 1347 ची. तीनशे वर्षांचा घोळ आहे."

मुलाखत घेणाऱ्याने शिकवू नये, हा आमचा पहिला धडा. काका मात्र खूश झाले. "मग मरणाऱ्याचं काय करायचे?"

मी फ्रान्समधल्या बोनचं रुग्णालय सांगितलं. स्थापना 1443 ची. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना पलंगांच्या रांगा आणि त्याच दालनाच्या टोकाला प्रार्थनास्थळ, म्हणजे आजाऱ्याला पडल्या पडल्या दिसावं. अफूही ठाऊक होती, म्हटलं. तिच्यात भिजवलेला स्पंज शस्त्रक्रियेआधी नाकाशी धरायचे. कितपत उपयोग व्हायचा, देव जाणे.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "माझी खिडकी डोक्यामागे का?"

"हवेच्या गादीच्या पंपाचा प्लग तिकडे आहे म्हणून," काकू म्हणाल्या.

"फिरवा."

एक चाक अडकलेलं. मी पायथ्याशी, काकू उशाशी, बोटबोट सरकवत. मध्येच काकांनी कठडा घट्ट धरला. मी सवयीने विचारलं, "वेदना किती, शून्य ते दहा?" "सात. पण थांबू नका." एक्स्टेन्शन बोर्ड शोधण्यात आणखी वेळ गेला. रेकॉर्डिंगमध्ये ही अकरा मिनिटं नुसती घरघर आहे. प्रश्नावलीतल्या 'व्यत्यय' या चौकटीत मी लिहिलं: पलंग हलवला.

घरी येऊन ऐकताना लक्षात आलं, आज गोळ्या शिल्लक आहेत का, हे विचारायचंच राहिलं. फोन केला. मुलगी तेव्हा दुकानाच्या रांगेत होती. चारची गोळी काकांना पावणेसहाला मिळाली.