आमची वाटचाल : आधी मेगर, मग सही

मी आयटीआयचा वायरमन. परवाना, मग सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि शेवटी कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, असं करत सांगलीत स्वतःची फर्म उभी केली. लायसन्स हातात आलं तसे लोक यायला लागले, पण काम घेऊन नाही. वायरिंग दुसऱ्याच कुणी केलेलं असायचं, नव्या मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यायचा असायचा. "तेवढा सही-शिक्का द्या की दादा!" पैसे बरे मिळाले असते. आम्ही एकालाही सही दिली नाही.

बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं सोडलं तर बाकीचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच, सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून व्हायला हवं, हा नियम १९५६ पासूनचा. टेस्ट रिपोर्टवर सही करणं म्हणजे 'हे मी तपासलंय' असं लिहून देणं. उद्या अपघात झाला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाची चौकशी लागू शकते. चौकशीचं एक वेळ सोडा. न बघितलेल्या अर्थिंगच्या भरवशावर एखादी बाई ओल्या हातानं वॉशिंग मशीनला हात लावणार असते.

आमची खरी परीक्षा ऑगस्ट २०१९ च्या महापुरात झाली. कृष्णेचं पाणी ओसरलं तसे फोन सुरू झाले : लाइट कधी सोडू? बोर्ड वरून कोरडे दिसायचे, पण भिंतीतल्या पाइपात पाणी तसंच साठलेलं. मेन बंद करायचा, टीव्ही, फ्रिज, एलईडी सगळं काढून ठेवायचं (नाहीतर मेगरच्या, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राच्या, ५०० व्होल्टनं तेच जळायचं) आणि एकेक सर्किट सुटं करून त्याचं इन्सुलेशन मोजायचं. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला की लाइन सोडायची नाही. लोक चिडायचे, शेजारच्या घरात लाइट लागलेला दिसत होता ना! त्यांचा राग समजत होता, आधीच घर चिखलात गेलेलं. तरी वायर बदलल्याशिवाय मेन टाकला नाही. पुढं सोसायट्यांची कामं आली ती त्याच घरांच्या ओळखीतून.

गणपतीत मंडपाचं कामही याच शिस्तीनं करतो. रीतसर तात्पुरतं कनेक्शन, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच), लोखंडी सांगाड्याला अर्थिंग. खांबावर आकडा टाकू म्हणणाऱ्या मंडळाला नमस्कार करून परत येतो.

परवाना नसलेल्या पोराला आम्ही एकट्याला डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा मुख्य बोर्ड, उघडू देत नाही. त्याच्या परीक्षेची फी मात्र फर्म भरते. आणि कोटेशनमधून अर्थिंग नि आरसीसीबी या दोन ओळी खोडून दर कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक आजही येतं. त्याला आम्ही सिलिंग, फिटिंगमध्ये, हव्या त्या ठिकाणी सवलत देतो. त्या दोन ओळी खोडायच्याच असतील तर काम घेत नाही.